कुऱ्हाडीपासून सुरू झालेली गोष्ट

एकदा एक वृद्ध कीर्तनकार होते आणि त्यांचा एक तरुण शिष्य होता. एवढे सांगून मी क्षणभर थांबतो, कारण तुमच्यापैकी काहींची चुळबुळ मला इथूनच दिसते आहे. 'मुद्द्यावर या,' असे तुम्हाला म्हणायचे आहे. भांडण कुठे झाले, रक्त कोणाचे निघाले, तेवढे सांगा आणि मोकळे व्हा. हल्ली सगळ्यांना सगळे मधूनच हवे असते. आज ते मिळणार नाही. या गोष्टीत भांडण आहे आणि रक्तही आहे, पण ते आपल्या वेळेला येईल. ज्याला घाई असेल त्याने खुशाल उठावे, मला राग येणार नाही. खरे सांगायचे तर राग आधीच आलेला आहे.

तर ते वृद्ध कीर्तनकार. त्यांना सगळे नुसतेच 'बुवा' म्हणत. त्यांची वाणी शांत होती, पण स्वभाव शीघ्रकोपी होता. शिष्याला शिकवताना ते एक गोष्ट आवर्जून सांगत.

"कथा नेहमी उगमापासूनच सांगावी असा काही नियम नाही. समोर दिवसभर राबून दमलेली माणसे बसलेली असतात. तू वंशावळीपासून सुरुवात केलीस तर ती पेंगायला लागतील. अशा वेळी श्रोत्याला थेट पुरात ढकलावे. शिवधनुष्य मोडल्याचा कडाडा आधी ऐकवावा. धनुष्य कोणाचे, ते तिथे आले कसे, हे मागून सांगावे. पण एक ध्यानात ठेव. जो मधून सुरुवात करतो, त्याने श्रोत्याच्या विश्वासावर उचल घेतलेली असते. ती फेडल्याशिवाय त्याला घरी जायचा अधिकार नाही."

आणि ही फेड विसरू नये म्हणून त्यांच्या गुरुघराण्यात एक रीत होती. कथा मधून सुरू करायची असेल, तर उभे राहतानाच उपरण्याच्या पदराला सर्वांदेखत गाठ मारायची. कथा मागे नेऊन तिचे मूळ सांगून झाले की ती गाठ सोडायची. गाठ सुटेपर्यंत गळ्यात हार घालून घ्यायचा नाही आणि आरतीचे तबक हाती धरायचे नाही. बुवांनी उभ्या आयुष्यात ही रीत मोडली नव्हती.

शिष्य बुद्धिमान होता. त्याचे वडीलही हरिदास होते. ते लवकर गेले आणि जाताना पितळी झांजांची एक जोडी तेवढी मुलासाठी ठेवून गेले. तीच झांज घेऊन तो उभा राहिला की सभा मंत्रमुग्ध होई. मधून सुरुवात करण्यात तर त्याचा हात कोणी धरला नसता. पहिल्याच वाक्याला तो अशी काही ठिणगी टाकी की मागे बसलेल्या पेंगुळलेल्या म्हाताऱ्याही सावरून बसत. मात्र हळूहळू त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. गाठ मारताना लोक टाळ्या वाजवतात, सोडताना कोणी वाजवत नाही. मूळ सांगू लागले की सभा शांत होते, विचारात पडते, आणि विचारात पडलेला माणूस टाळी वाजवायला विसरतो. शिष्याला हे सलू लागले.

त्या वर्षी चैत्रात बुवांचा आवाज बसला. रामनवमीच्या उत्सवाची कीर्तने एका दूरच्या गावी ठरलेली होती. बुवांनी शिष्याला पुढे पाठवले आणि म्हणाले, "तू सुरुवात कर. घसा सुटला की मी येतोच."

गावात शिष्याची उतरण्याची सोय एका गुळाच्या व्यापाऱ्याकडे होती. उत्सवाचा मोठा भार तेच उचलत. गाव त्यांना शेटजी म्हणे. जेवणे झाल्यावर ओसरीवर सुपारी कातरता कातरता शेटजी सहज म्हणून बोलले, "महाराज, आमच्या गावाला काही धर्म उरला नाही बघा. परवा एका बाईने भरदिवसा माझ्या शेताचे फाटक कुऱ्हाडीने फोडले. राखणदार आडवा गेला, तर त्याचे कपाळ फोडले. बाई माणूस, आणि हातात कुऱ्हाड! तुमच्यासारख्यांनी चार शब्द सांगितले तर गाव ऐकेल."

आता या गोष्टीत मी शेटजींचे नाव सांगणार नाही, शिष्याचे सांगणार नाही, बुवांचेही नाही. त्या बाईचे मात्र सांगणार. तिचे नाव गोजरा. गोजरा कुंभारीण. गावात कुंभाराचे ते एकच घर होते, आणि त्या घरात ती आणि तिचा नवरा अशी दोघेच राहत.

त्या दिवशी दुपारी शिष्य अंगणात हिंडत होता. कपाळाला पट्टी बांधलेला राखणदार तिथे गुरांना पाणी दाखवत होता. शिष्याने विचारपूस केली. राखणदार साधा माणूस होता, त्याने काही लपवले नाही.

"लागलं न्हाई तेवढं, म्हाराज. दांड्याचा फटका बसला, पातं न्हाई. आन् तिची तरी काय चूक म्हनायची? तळ्याकडं जायची वाट त्या शेतातनंच जाती. तिच्या सासऱ्याच्या आधीपासनं कुंभार तिकडनंच माती आनतो, पानी आनतो. शेटजींनी शेत घेतलं आन् बाभळीचं कुंपन घातलं. ती हात जोडून आली, तर म्हनले उद्या बघू. चावडीवर गेली, तितं बी उद्याच. मग तिचा म्हातारा नवरा दरडीवरनं माती आनाय लागला, आन् पडला. मांडी मोडली त्येची. आता खाटंवर हाय. त्येच्या दुसऱ्या दिशी ती कुऱ्हाड घिऊन आली."

शिष्याने हे सगळे ऐकले. नीट ऐकले. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे त्याच्या बाजूने 'बिचाऱ्याला ठाऊक नव्हते' असे म्हणायची तुम्हाला इच्छा होईल. त्याला ठाऊक होते.

उन्हे कलल्यावर राममंदिराच्या सभामंडपात कीर्तन उभे राहिले. नमन झाले न झाले तोच शिष्याने उपरण्याला गाठ मारली, झांज एकदाच कडाडून वाजवली आणि म्हणाला, "रक्त! या तुमच्या पुण्यभूमीत, रामाच्या नवरात्रात, एका निरपराध माणसाचे रक्त सांडले!"

मंडप थरारला. मग त्याने कुऱ्हाड उगारली. हातात काही नव्हते, पण लोकांना पाते लखलखताना दिसले. फाटकाच्या फळ्या कशा फुटल्या, राखणदार हात जोडून कसा आडवा आला, त्याच्या कपाळावरून ओघळ कसा डोळ्यांत उतरला, हे त्याने असे काही रंगवले की खुद्द राखणदारालाही आपण मरता मरता वाचलो असे वाटू लागले. ज्या घरात क्रोधाला थारा आहे ते घर रामाच्या गावात शोभते का, असे त्याने विचारले, आणि मंडप एका सुरात ओरडला, "नाही!" कोणीतरी उठून म्हणाले, "उद्या सूर्य मावळायच्या आत तिचं बिऱ्हाड गावाबाहेर!" पंच म्हणवणारे दोघे-तिघे समोरच बसले होते. त्यांनी माना डोलावल्या. शेटजी उठले आणि त्यांनी जाडजूड हार शिष्याच्या गळ्यात घातला. टाळ्यांचा असा पाऊस पडला की आरती कधी सुरू झाली हेही कळले नाही. आरतीनंतर जमाव तसाच गोजराच्या दारात गेला आणि उद्या गाव सोड असे बजावून आला.

गाठ उपरण्याला तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा बैलगाडीने येऊन पोचले. वाटेत त्यांना एका घरासमोर दोन गाढवे बांधलेली दिसली होती, आणि एक बाई भांडीकुंडी गोणपाटात भरत होती. आतून कोणीतरी कण्हत होते. अंगणात अक्षय्यतृतीयेसाठी घडवलेल्या मडक्यांच्या रांगा होत्या, सगळी कच्ची, आव्याच्या भट्टीत जायच्या आधीची. कच्ची मडकी गाढवावर लादता येत नाहीत, लादली तर पहिल्याच चढाला त्यांची माती होते. बाई त्या रांगांकडे बघतसुद्धा नव्हती. बुवांनी त्यांना घ्यायला गावातून आलेल्या गाडीवानाला विचारले तेव्हा तो उत्साहाने म्हणाला, "काल तुमच्या चेल्यानं काय कीर्तन केलं, बुवा! अंगावर काटा आला."

शिष्य शेटजींच्या ओसरीवर बसला होता. गुरूंना पाहून तो धावत आला आणि पायांवर डोके ठेवायला वाकला. बुवांची नजर त्याच्या खांद्यावर गेली.

"ही गाठ कसली?"

शिष्याचा हात नकळत उपरण्याकडे गेला. 

"मूळ तुला ठाऊक नव्हते?"

"ठाऊक होते, बुवा."

"मग?"

शिष्य थोडा घुटमळला आणि मग अगदी मनातले बोलला. "ते सांगितले असते तर रंग उतरला असता."

बुवांचा चेहरा लाल झाला.  शिष्याला वाटले, आता आपली धडगत नाही.  पण बुवा पाठ फिरवून देवळाकडे निघून गेले आणि दिवसभर मंडपाला लागून असलेल्या बारवेच्या, त्या पायऱ्यांच्या विहिरीच्या, काठावर बसून राहिले. गुरवाकडून त्यांनी वाटेची सगळी हकीकत काढून घेतली, पण जेवायला बोलावले तर गेले नाहीत.

चार वाजायला आले. मंडपात अजून कोणी आले नव्हते. गुरव समया उजळत होता आणि दोन म्हाताऱ्या वाती वळत बसल्या होत्या. शिष्य झांज घेऊन आला, तसे बुवा उठले. त्यांनी हात पुढे केला. "झांज दे."

शिष्याने मोठ्या आदराने दिली. बुवांनी ती क्षणभर तळहातावर तोलली आणि बारवेत फेकून दिली.

खाली खोलवर डुबुक असा आवाज झाला. शिष्य काठावर धावला. पाणी काळेशार होते, चार वर्तुळे उठली आणि विरली. "बुवा, ती बाबांची होती," तो कसाबसा म्हणाला.

"असेल."

"तुम्हाला ठाऊक आहे ती बाबांची होती!"

"ठाऊक आहे. तुझा बाप भिकार कीर्तनकार होता. बरे झाले बुडाली."

बुवांच्या तोंडून असले शब्द शिष्याने कधी ऐकले नव्हते.  तो ओरडला, पुढे झाला आणि त्याने बुवांना दोन्ही हातांनी ढकलले. म्हातारा देह मंडपाच्या पायरीवर कोसळला. कोपर दगडावर आपटले आणि रक्त आले.

नेमके त्याच वेळी महाद्वारातून लोक आत येत होते.

काय झाले असेल ते सांगायलाच हवे का? "अरे, गुरूला मारलं! गुरूवर हात टाकला!" असा एकच गलका झाला. दोघांनी शिष्याचे दंड धरले, तिसऱ्याने मानगूट पकडली. शेटजी सर्वांत पुढे होते. "काल याला मी या हाताने हार घातला! असला गुरुद्रोही! हाकला याला गावाबाहेर!"

"आधी ऐका!" शिष्य किंचाळला. "आधी काय झाले ते तरी ऐका! त्यांनी माझी झांज..."

"झांजेसाठी गुरूला मारतोस?" कोणीतरी त्याच्या कानफटात वाजवली.

गुरव हातातली समई खाली ठेवून पुढे आला. "अहो, पण आधी बुवांनीच..."

"तू गप रे! रक्त दिसत नाही का?"

शिष्य ओरडत राहिला. आधी, आधी, आधी. त्या कोलाहलात त्याचा तो एकच शब्द पुन्हा पुन्हा वर येत होता आणि लोकांच्या पायांखाली जात होता.

तेव्हा बुवा पायरीचा आधार घेत उठले. बसलेला घसा अजून पुरता सुटला नव्हता, तरी त्यांनी असा आवाज लावला की मंडप जागच्या जागी थिजला. "सोडा त्याला!"

लोकांनी सोडले.

"हा इतका वेळ काय ओरडत होता, ते कोणाला ऐकू आले?" बुवांनी विचारले.  "मी सांगतो. हा म्हणत होता, आधी काय झाले ते ऐका. मी याच्या मेलेल्या बापाची वस्तू पाण्यात फेकली आणि वर बापाला शिवी दिली. हे झाले आधी. हे गुरवाने पाहिले, या दोघी माउल्यांनी पाहिले. तुम्ही आलात तेव्हा मी पडत होतो. तुमची गोष्ट तिथून सुरू झाली, आणि निवाडाही तिथेच होऊन गेला."

मग ते शिष्याकडे वळले. आता त्यांचा आवाज खाली आला होता, पण राग तसाच होता. "कळले, कसे वाटते? काल त्या बाईच्या दारात हेच लोक गेले होते. तीही हाच शब्द ओरडली असेल. तिचे तोंड तू बंद केलेस. तू खोटे बोलला नाहीस, मला मान्य आहे. फाटक तिने फोडले, रक्त निघाले, सगळे खरे. पण कुठून सुरू करायचे एवढे एकच ज्याच्या हाती असते, त्याला खोटे बोलायची गरजच पडत नाही. अरे, मी तुला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. पुरात उडी घ्यायला शिकवले आणि उगमाला परत जायला शिकवले. तू टाळ्यांची तेवढी घेतलीस."

मंडपात बरेच जण माना खाली घालून बसले. काहींना वाटले की चला, बोलणी शिष्याला बसली, आपण सुटलो. बुवांनी ते ओळखले असावे.

"आणि तुम्ही!" ते गरजले. "हा तर परगावचा. तुम्हाला ती वाट ठाऊक नव्हती? त्या वाटेने आलेल्या मातीच्या मडक्यातले पाणी पिऊन तुम्ही लहानाचे मोठे झालात. कुंपण पडले ते तुम्ही पाहिले. ती चावडीवर आली तेव्हा उद्या या म्हणणारे तुमच्यातच बसले आहेत. म्हाताऱ्याला दरडीवरून उचलून आणायला तुमच्यापैकीच कोणीतरी गेले असेल. सगळे तुमच्या डोळ्यांसमोर घडले. तरी याने कुऱ्हाडीपासून सुरुवात केली, तशी तुम्हीही कुऱ्हाडीपासून सुरुवात केलीत. याने तुम्हाला फसवले नाही. तुम्हाला सोयीचे होते!"

इतके बोलून त्यांचा आवाज पार बसला. ते पायरीवर टेकले आणि शिष्याच्या उपरण्याकडे बोट करून एवढेच म्हणाले, "गाठ."

शिष्य सभेसमोर उभा राहिला. हातात झांज नव्हती. त्याचा गाल सुजला होता. रात्रभरात घट्ट बसलेली ती गाठ त्याच्या बोटांना सुटेना, शेवटी त्याने ती दातांनी सैल केली. मग म्हणाला, "तुमच्या गावात एक वाट होती."

त्याने काहीही रंगवले नाही. वाट कुठून कुठे जात होती, तिच्यावरून कोण जात होते, ती कोणी बंद केली, हे त्याने एकामागून एक सांगितले. 'उद्या बघू' सांगितले. दरड सांगितली. आणि मग, हे सगळे आपल्याला काल दुपारी कळले होते, हेही सांगितले. तो एवढे बोलतो आहे तोच कपाळाला पट्टी बांधलेला राखणदार मागून उठला आणि म्हणाला, "कुंपन म्या घातलंय. ह्याच हातांनी." शेटजी उठले. "शेत माझे आहे, कुंपण माझे आहे. तुम्ही खुशाल कथा सांगत बसा," असे म्हणून ते निघाले आणि त्यांच्यामागून आणखी काही जण निघाले. टाळी एकही पडली नाही.

तुम्हाला वाटेल, झाले, सत्याचा जय झाला. नाही झाला. काल आलेले सगळे आज आले नव्हते. असे लोक दुसऱ्या दिवशी कधीच येत नाहीत. कुऱ्हाडीची गोष्ट रात्रीतून शेजारच्या गावांत पोचली होती, बाजाराला गेली होती, तिला नवे हातपाय फुटले होते. काही ठिकाणी राखणदार मेलासुद्धा होता. वाटेची गोष्ट मात्र देवळाची पायरी उतरतानाच धापा टाकत होती. मला याचा संताप येतो आणि त्यावर माझ्याजवळ काही औषध नाही.

पंचांनी गोजराला निरोप पाठवला की तिने गाव सोडायचे कारण नाही. निरोप घेऊन शिष्य स्वतः गेला. बुवा त्याच्या मागून कोपर धरून चालत होते. गोजराच्या अंगणात पोचले तेव्हा एक गाढव लादून झाले होते. वाती वळणाऱ्या दोघींपैकी एक म्हातारी आधीच येऊन सगळे सांगून गेली असावी, कारण गोजराने शिष्याला तोंड उघडू दिले नाही.

"तुमीच का ते म्हाराज?"

"हो," शिष्य म्हणाला. "माझ्याकडून मोठा अपराध झाला, माउली. आज मी सगळ्यांसमोर पहिल्यापासून सांगितले."

"कळलं मला. काल कुऱ्हाडीपासनं सांगितलं, आज वाटंपासनं सांगितलं. दोन्ही येळंला माझीच गोष्ट." तिने हातातली दोरी खाली टाकली. "मला कुनी इचारलं का? मी इथंच हुते. देवळापासनं हाकंच्या अंतरावर. काल बी हुते, आज बी हुते. कुनी म्हनलं का, गोजरे, तू ये आन् तू सांग?"

 शिष्याने बुवांकडे पाहिले.  बुवांनी मान खाली घातली. आयुष्यभर इतरांच्या गोष्टी सांगितलेल्या त्या वृद्धाला हा प्रश्न कोणी आजवर विचारला नव्हता.

"ते ऱ्हाऊ द्या," गोजरा म्हणाली. "वाट मोकळी झाली का, तेवढं सांगा."

"नाही. अजून नाही."

"मंग कशाला आलायसा?"

आत म्हातारा पाणी मागत होता. ती त्यांना तिथेच सोडून घरात गेली.

 शिष्य तळ्याच्या दिशेने चालू लागला. शेताच्या कडेला बाभळीच्या फांद्या रचलेल्या होत्या, आणि फुटलेल्या फाटकाच्या जागी त्यांचा आणखी एक नवा ढीग टाकलेला होता. त्याने उपरणे कमरेला बांधले आणि पहिली फांदी ओढली. काटे तळहातात गेले. त्याने ती बाजूला टाकली आणि दुसरी ओढली. बुवा बांधावर बसून पाहत होते. ते त्याला थांबवायला गेले नाहीत आणि शाबासही म्हणाले नाहीत. काही वेळाने राखणदार आला. तो आधी दूर उभा राहिला, मग धोतर खोचून दुसऱ्या टोकाने लागला. त्याच्या पाठोपाठ गुरव आला. शेटजींच्या माडीवरून कोणीतरी दम भरला, पण खाली उतरले नाही. सूर्य टेकायला आला तेव्हा एका माणसाला जाता येईल एवढी वाट झाली होती.

गोजरा डोक्यावर घागर आणि हातात माती आणायची पाटी घेऊन आली. शिष्य पायवाटेच्या मधोमध उभा होता. तिला पाहून तो हात जोडणार होता, पण त्याचे हात रक्ताने माखले होते, आणि आपण तिच्या वाटेत उभे आहोत हेही त्याच्या ध्यानात आले. तो बाजूला झाला. ती त्याच्याकडे न पाहता पुढे गेली. त्याला वाटले, हेच योग्य आहे. ती तळ्याशी पोचून घागर बुडवेपर्यंत तो तिथेच उभा राहिला, आणि मग उरलेल्या फांद्या ओढू लागला.

उद्या तुमच्याकडेही कोणीतरी धावत येईल, डोळे विस्फारून रक्ताची, दगडाची, जाळपोळीची गोष्ट सांगू लागेल आणि तुमचा निवाडा मागेल. त्याला बसवा, हवे तर पाणी द्या, आणि ज्याच्याविषयी तो बोलतो आहे त्याला तिथे बोलावून घ्या.